पिस्ता रंग

नणंदेला बघायला पाहुणे येणार, म्हणून मधली खोली रंगवायची ठरली. कोणता रंग, हे लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाईंनी मला विचारलं. मी हळूच म्हटलं, "पिस्ता."

त्या वर्षी भाव नसल्याने कापूस त्याच खोलीत छतापर्यंत भरलेला होता. नवऱ्याने तो एका बाजूला लोटला आणि ऑइलपेंट लावून घेतला. सकाळी पाहिलं, तर ओल्या भिंतींना कापूस चिकटलेला.

"काय रंग सांगतला वं तुनं! भिंतीले दाढी आली," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले, नवरासुद्धा. कापसाला कोणी काही बोललं नाही.

पुढच्या दिवाळीला नवरा न विचारताच गडद निळा घेऊन आला. अंधारी खोली आणखी अंधारी झाली. कापूस विकल्यापासून ती आमची झोपायची खोली; मी अजून तिथेच झोपते.