खुणेखालची वेल

तोकुजीसान रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या बायकोच्या, हात्सुएच्या, फोटोपुढे वाटीभर भात ठेवत, घंटी वाजवत आणि मग कात्री घेऊन खिडकीशी जात. तिथे हात्सुएने लावलेली मण्यांची वेल टांगलेली होती, दोऱ्यात ओवल्यासारखे हिरवे, रसाळ मणी. खांबावर पेन्सिलीची खूण होती. म्हातारी कुत्री आझुकी मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं नाक तिथवर पोचायचं. खुणेखाली उतरलेला सर ते कापून शर्टाच्या खिशात टाकत. कुत्र्यांना ती वेल विषारी.

"बाबा, देऊन टाका ना कुणाला," मुलगी मिसाको म्हणायची.

"तुझ्या आईची आहे."

फेरीबोटीचे दोर बांधण्यात जन्म गेलेला माणूस. त्याची गाठ सहज सुटायची नाही.

मे महिन्यात, वाटाणेभाताच्या दिवसांत, एका सकाळी आझुकी ओकली. फेसात हिरवे गोल दाणे होते. मिसाकोने वेलीकडे पाहिलं, दाणे डबीत भरले, कुत्रीला टॉवेलात गुंडाळलं. ओनोमिचीच्या चढावर टॅक्सी येत नाही. दोघं पायऱ्या उतरत जनावरांच्या दवाखान्याकडे धावली.

"किती मणी खाल्ले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग भूल देऊन पोट धुवावं लागेल. चौदा वर्षांची आहे. उठेलच, असं मी सांगणार नाही."

मिसाकोने सहीसाठी पेन उचललं. आझुकीची शेपटी टेबलावर एकदा हलली.

"थांब," तोकुजीसान म्हणाले. "वाटाणे आहेत ते."

"काय?"

"देव्हाऱ्यातला भात. टाकायचा नसतो. मला भात कमी करायला सांगितलाय, म्हणून हिला घालतो."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

"तीन वर्षं! आणि मी हिचं खाणं काट्यावर तोलतेय, तरी ही फुगते कशी म्हणून!"

त्यांनी खिसा उलटा केला. सकाळचा सर अखंड होता. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एक मणी चिमटीत दाबला, पाणी उडालं. मग डबीतला दाणा दाबला. साल निघालं आणि दोन डाळिंब्या झाल्या. दुसरा, तिसरा, सगळे तसेच.

"भूल नको," त्या म्हणाल्या. "सलाईन लावते. संध्याकाळी न्या."

 संध्याकाळी घरी आल्यावर आझुकी तोकुजीसानांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपली. आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला, तसे ते बसल्या जागेवरून म्हणाले,

"साधाच भात लाव गं. वाटाणे तुझ्या आईलाही आवडत नव्हते."