उंबराखालचा झरा

१९५८ साल, मी सव्वीस वर्षांचा होतो. आमच्या तापीकाठच्या शहरात जुन्या उंबराखाली झरा होता. गल्लीचं पिण्याचं पाणी तिथलंच. मग तिथे बाग झाली. भोवतीची भिंत मी बांधली, ओळंब्यात सरळ, आजही बघा. पण फाटकाला कुलूप लागलं, बाग फक्त संध्याकाळी उघडायची ठरली. बायका रिकामे हंडे घेऊन परतल्या.

"भित तुम्हीच बांधी ना?" बायको म्हणाली. "मंग आते पानी बी तुम्हीच आना."

आमच्यात पुरुष पाणी भरत नसत. दिवसभर मी एका जागी बसलो नाही, जेवलो नाही. माझी भिंत पाडवेना, आणि कुलूप उघडा म्हणून कुणाच्या पाया पडणं माझ्या रक्तात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या गल्लीदेखत, हंडा घेऊन मी भिंतीवर चढलो.