चेनसॉ मोठी घ्यावी का हलकी?

मैत्रिणींनो, आज यवतमाळले लाकूड कापायची पेट्रोलवरची चेनसॉ घ्यायले गेलतो. मी अन् आमचे हे. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, म्हणून आमी लोकाइच्या वावराच्या धुऱ्या-बांधावरच्या बाभळी कापून द्यायचं काम धरलं. आतापर्यंत भाड्याच्या मशीनवर भागवलं.

दुकानदारानं दोन मशीनी काढल्या अन् सगळं यायलेच समजावून सांगू लागला. यायनं त्याले मधातच थांबवलं. "मले कायले सांगता भाऊ? माहा खांदा निखळला तवापासून मशीन तं हीच चालवते."

दुकानदार जरासा गोंधळला. मग मले म्हणाला, "ताई, मांगं बाभळीचं खोड पडलं आहे. दोन्ही चालवून पाहा."

मोठीनं खोड झटक्यात कापलं. मन तिच्यावरच बसलं होतं. हलकीले वेळ लागला, पण मनगटं थरथरली नाही. मग दोन्ही मशीनी बंद करून टाक्या भरून घेतल्या अन् एकेक करून हातात धरून उभी राह्यली. मोठी लवकरच खाली ठेवा लागली.

"मोठी घे न, काम लवकर होईल," हे म्हणाले.

"पहिली बाभूळ लवकर होईल. दुपारनंतर हात कोनाचे आनू?"

हे हसले अन् हलकीच बांधायले सांगितली.

बिलावर कोनाचं नाव टाकू, असं दुकानदारानं विचारलं. यायनं माहं सांगितलं. माह्या नावानं घरात आलेली ही पहिलीच वस्तू. एसटीत खोकं मांडीवरच घेऊन बसली मी.

तुमच्या नावानं घरात काय आहे? सांगा बरं.