मालिकेतली तार आणि अश्विनीचा प्रश्न

परवा दुपारी आमच्या क्वार्टरमध्ये एका मराठी मालिकेमुळे जे झालं, त्याचा राग अजून उतरलेला नाही… म्हणून लिहितेय.

आम्ही दिल्ली कॅन्टमध्ये राहतो. नवरा फौजेत, सध्या पोस्टिंग इथलंच. खालच्या मजल्यावर अश्विनी राहते, पाटणकडची. तिचा नवरा सीमेवर, तिथे फॅमिली नेता येत नाही, म्हणून ती इथे एकटीच. सातवा महिना चालू आहे, बाळंतपणाला माहेरी जाणार आहे.

दुपारी मालिका पुन्हा दाखवतात तेव्हा ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी बघतो. बघतो म्हणजे… मी भांडते, ती हसते.

भांडू नको तर काय करू? हीरो जवान आहे आणि केस कॉलरपर्यंत! आमच्याकडे असा फिरला असता तर संध्याकाळच्या आत डोकं साफ झालं असतं. घरी जेवायला बसतो तोही वर्दीत, बुटांसकट. आणि सुट्टी बघा… एक सण चुकत नाही याचा. आमच्या ह्यांना घरची दिवाळी शेवटची कधी मिळाली, मला आठवतही नाही.

परवाच्या भागात तर कहर केला. हीरो बेपत्ता झाल्याची बातमी आली… तारेने! अहो, तार बंद होऊन जमाना झाला! घरात प्रत्येकाच्या हातात मोबाईल, जाऊबाईकडे तर दोन-दोन, पण युनिटला एक फोन करावा हे कुणालाच सुचत नाही. सासू सुनेला पांढऱ्या पायाची म्हणते, ढग गडगडतात आणि हीरो शेजारच्याच गावात स्मृती घालवून गुरं राखत बसलाय. दाढी वाढली की सख्ख्या मामालाही ओळखू येत नाही, बरं का!

माझा पट्टा जोरात चालू होता. तेवढ्यात माझी मुलगी, दिल्लीतच वाढलेली, म्हणाली, "मम्मा, बेपत्ता मतलब लापता ना?"

"हो गं बाई, लापता," म्हणत मी वळले तर अश्विनी उठून चाललेली. चहा तसाच ठेवून…

मी मागोमाग खाली गेले. ती पलंगावर बसून फोन लावत होती. स्विच ऑफ. परत लावला, परत स्विच ऑफ. रविवारपासून नवऱ्याचा फोन आला नव्हता आणि पोरीने कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, खोटं असतं ते सगळं. त्या लोकांना काय कळतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. "ते खोटं आहे हे कळलं, ताई. मग खरं कसं असतं? तुम्हाला माहीत असेल ना… सांगा."

 मला माहीत होतं. मागच्या पोस्टिंगला असताना मी एकदा अशी बातमी घेऊन जाणाऱ्यांसोबत एका घरी गेले होते.

मग तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. तार येत नाही. एकटा शिपाई दारात उभा राहून काही वाचून दाखवत नाही. युनिटचे लोक येतात, सोबत आम्ही बायका असतो, आणि एकजण तरी तुझ्या शेजारी येऊन बसते. असलं काही कुणाला एकटीने ऐकू देत नाहीत. तुझ्या दारात कुणी आलेलं नाही.

"मग फोन का लागत नाही?"

"ते आत्ता विचारू."

ह्यांना फोन लावला. ह्यांनी कुठून कुठून निरोप फिरवला आणि दिवे लागायच्या आत उत्तर आलं… दरड कोसळून तिकडचं नेटवर्क गेलंय, सगळे ठीक आहेत. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. अश्विनी जिन्यातून हाका मारत वर आली. एवढं पोट घेऊन धावतेस काय, म्हणून मी ओरडले आणि मग आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. त्या घरी आम्ही गेलो तेव्हा ती बाई पोळ्या करत होती. आम्हाला दारात बघताच तिला कळलं. ती किंचाळली नाही, खाली कोसळली नाही… तिने आधी गॅस बंद केला. मग पदराला हात पुसत विचारलं, "गावी आईंना कोण सांगणार?"

मालिका लिहिणाऱ्यांनो, आमच्यातली बाई लिहायची असेल तर अशी लिहा. बेपत्ता होणं, न येणं, सगळं दाखवा, आमच्याकडे ते घडतंच. पण ते दुपारच्या चहासोबत बघणारी एखादी अश्विनी असते, तेवढं लक्षात ठेवून लिहा. जमत नसेल, तर आमच्या नवऱ्यांना तुमच्या मालिकेत घेऊच नका.