पारा सरांचं रिकामं माप

पारा सर खुर्चीत बसत नसत. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात मी त्यांच्यासोबत एकाच खोलीत चार वर्षं काढली, आणि त्या चार वर्षांत त्यांच्या खुर्चीवर कायम माझी पर्स असायची. ते उभ्याने वाचत, चालता चालता चहा पीत, आणि काही समजावून सांगताना दारापर्यंत जाऊन परत येत. त्यामुळे अर्धं वाक्य मला ऐकू येई आणि अर्धं व्हरांड्यातल्या शिपायाला. 'पारा' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "बरोबरच हाय ना मॅडम, पारा हातात धरून पाहा एकदा," असं वर मलाच ऐकवायचे.

अशा माणसाने संशोधनाला विषय घ्यावा तर कोणता? तिळाएवढ्या तुकड्यातून उष्णता किती वाहते ते मोजण्याचा. माझा विषयही जवळपास तोच, आणि उपकरण दोघांत एकच. अभ्रकाचा किंवा एखाद्या स्फटिकाचा बारीक तुकडा घ्यायचा, त्याच्या एका टोकाला किंचित ऊब द्यायची, दुसरं टोक तांब्याच्या ठोकळ्याला चिकटवायचं आणि दोन्ही टोकांना तारा जोडून तापमानातला फरक बघायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण तापमान स्थिरावायला दोन तास लागतात, आणि वाऱ्याच्या झुळकेनेही काटा हलतो म्हणून पंखा बंद, कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही सकाळी सातला खिडक्या लावून घ्यायचो आणि नऊपर्यंत घामाने निथळायचो. मी स्टुलावर बसून राही. पारा सरांच्या येरझारांनीही काटा हलायचा, म्हणून मी त्यांना बाहेर हाकलत असे.

"झालं काय मॅडम?" दर पाच मिनिटांनी दारातून डोकं आत.

"तुम्ही दार उघडलंत ना, आता आणखी पंधरा मिनिटं."

"अरे बाप्पा. मंग मी महालात जाऊन येतो." आणि खरंच सायकल काढून महाल भागातल्या आपल्या खोलीवर चक्कर मारून यायचे.

ही सगळी घाई नुसती स्वभावाची नव्हती. चाळिशी जवळ आली तरी ते डेमॉन्स्ट्रेटरच होते. डॉक्टरेट मिळाली तरच लेक्चरर होणार. आमचे मार्गदर्शक चौथ्या वर्षाअखेर जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी प्रबंध गेला नाही तर नवा मार्गदर्शक शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नागपूरजवळच्या खाप्याला त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. घरातले पहिले मॅट्रिक पारा सरच. दर रविवारी घरी गेलं की म्हातारा धोटा थांबवून विचारायचा, "झालं काय गा बाबू तुयं?" सोमवारी ते हे मला सांगायचे आणि त्या दिवशी जास्तच फिरायचे.

हात मात्र शांत होते. केसाएवढ्या दोन तारांची टोकं जोडताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. "बापाच्या मागावर तुटलेलं सूत जोडलं मॅडम. हे तर धातूचं हाय," म्हणायचे. तरी ती तार तुटायचीच. एका महिन्यात ती चौथ्यांदा तुटली तेव्हा मी वैतागून म्हटलं, "सरळ जाड तार लावू या." सूचना माझी होती, हे इथे लिहून ठेवते. ते क्षणभर घुटमळले. मग वेळ वाचेल म्हणून कबूल झाले. काम भराभर सुटलं. त्याच वर्षी माझा प्रबंध गेला, आणि मी डॉक्टर झाले.

त्यांच्या आकड्यांतून तर नवलच निघालं. तुकडा जितका बारीक कापावा, तितका तो उष्णता जास्त चांगली वाहून नेतो. पारा सर हवेत होते. अशा बारीक पट्ट्यांची जाळी केली तर यंत्रातली उष्णता हवी तिकडे वळवता येईल, म्हणून मिळेल त्या कागदावर जाळ्या काढत सुटले. प्रबंध टंकून झाला, बाइंडिंगला गेला.

त्या आठवड्यात ते पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. "पोट्टेहो, काही ठेवायच्या आधी रिकामं पारडं पाहा," हे त्यांचं रोजचं ओरडणं. त्या दिवशी ते वाक्याच्या मध्येच थांबले. वर्ग तसाच सोडून खोलीत आले, उपकरणातला तुकडा काढून टाकला आणि रिकाम्या जागेलाच ऊब देऊन उभे राहिले. चार वर्षांत आम्ही दोघांनी हे कधी केलं नव्हतं. काहीही न मोजण्यासाठी दोन तास घालवायला त्यांच्याकडे धीर नव्हता आणि मला ते सुचलं नव्हतं.

दोन तास ते हलले नाहीत. मला त्या स्तब्धपणाचीच भीती वाटली.

"तुकडा नाही मॅडम, तरी उष्णता चाल्ली," ते म्हणाले. "जाड तारेतून जाऊन राहिली. तुकडा बारीक केला का त्याच्यातून कमी जाते, तारेतून तेवढीच. आपण तारच मोजून राहिलो होतो."

वजाबाकी केली, आणि सगळं नवल गेलं. बारीक तुकडा आणि जाड तुकडा अगदी सारखे.

मी म्हटलं, "देऊन टाका, सर. परीक्षक काही तारा मोजायला येणार नाहीत." मार्गदर्शकही नंतर तेच म्हणाले, आणि जरा चढ्या आवाजात. पारा सरांचं दोघांनाही एकच उत्तर.

"अन् हे वाचून उद्या कोणी बारीक तुकडे कापत बसला तं? त्याचे वर्षं काहून खराब करू मी?"

त्यांनी प्रबंध दिलाच नाही. त्या दिवशी धरमपेठेत घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की माझीही सगळी मापं त्याच तारेवरची होती. माझे तुकडे जरा जाड, म्हणून चूक लहान होती. पण होती. त्यांना ते माझ्याआधी कळलेलं असणार.

मे महिनाभर ते सकाळी एकटेच येत राहिले. जूनमध्ये नोकरी सोडून खाप्याच्या शाळेत शिकवायला निघाले, तेव्हा माझ्या हातात एक कागद दिला. माझे नऊच्या नऊ नमुने बारीक तार लावून पुन्हा मोजलेले. "तुमच्या पुस्तकात लावून टाका मॅडम, जमंल तवा," एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसले.

मला जमलं नाही. बढती झाली, विभागप्रमुख झाले, कागद कपाटात राहिला. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणूनच मी ते कपाट उघडत नसे.

पारा सर वारल्याची बातमी कळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो कागद आणि डिंकाची बाटली घेऊन ग्रंथालयात गेले आणि माझा प्रबंध मागितला. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, प्रबंधात आता काही चिकटवता येत नाही." मी म्हटलं, "मग माझी तक्रार करा." कागद चिकटवला. खाली लिहिलं, 'आतील मापे चुकीची आहेत. ही बरोबर आहेत, आणि ती माझी नाहीत.' मग त्यांचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. नावाआधी 'डॉ.' लिहायला हात गेला होता. तो मी मागे घेतला. खोटं लिहिलेलं त्यांना चाललं नसतं.