रानपिंगळ्याची जागा

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला शाळेत होतो. हृदयविकाराचा झटका; धुळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा मी नुसता रडलो. राग नंतर आला, आणि काही आठवडे उलटले तरी तो उतरायचं नाव घेत नाही.

प्रल्हाद मूळचा पिंपळनेरचा, माझा बी.एड.चा सोबती. शाळेत गणित शिकवायचा आणि सुटी मिळाली की पक्ष्यांमागे हिंडायचा. त्यात रानपिंगळा म्हणजे त्याचा जीव की प्राण. साळुंकीएवढं घुबड, दिवसाउजेडी वावरणारं आणि आता मोजक्याच जंगलांत उरलेलं. ते सातपुड्यात नेमकं कुठं दिसतं, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मात्र मला घेऊन गेला. मोटारसायकल लांब ठेवून आम्ही चालत गेलो. सागाच्या पाचोळ्यात सकाळभर उकिडवं बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी एका वाळक्या फांदीवर तो येऊन बसला, शेपटी झटकत, आमच्याकडे रोखून बघत... मी जेमतेम पाहतोय तोच प्रल्हादनं माझी बाही ओढली.

"देखा ना? चाल मंग."

मी भडकलो. इतक्या लांबून आलो आणि देवळातल्या रांगेसारखा पुढे ढकलतोस?

"मादी ढोलीमा शे. आपण अठे बठसूत तवलोंग तो तिले खावाले आनाव नही," तो म्हणाला. आम्ही तिथं बसून असेपर्यंत नर तिला खायला आणणार नव्हता. आणि वाटेत शपथ घातली, "कोणले सांगजो नको."

अशीच शपथ त्यानं आणखी एका मित्राला घातली होती. त्या शहाण्यानं दहाव्याच्या आधीच पक्षीमित्रांच्या ग्रुपवर प्रल्हादचा फोटो टाकला आणि खाली त्या जागेचा नकाशा. 'सरांची आवडती जागा, हीच श्रद्धांजली.' रडत रडतच टाकला असेल, पण म्हणून काय झालं? मी धावत गेलो तर रानात जीपगाड्या. एकजण मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावून बसलेला. दुसरा नर आला समजून बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर उडत होता आणि खाली कॅमेरे खटखटत होते. मी तोंडाला येईल ते बोललो.

"काका, शांत व्हा. आम्ही सरांसाठीच आलोय."

"मग धुळ्याला त्याच्या घरी जा! तिथं तुमच्यातलं कुत्रंही फिरकलं नाही."

परवा मी धुळ्याला त्याच्या घरी गेलो, तर वहिनी तयार होऊन बसलेल्या. पायात बूट, गळ्यात प्रल्हादची दुर्बीण.

"बठ्ठासनी तो पक्षी देखा, भाऊ. मीच ऱ्हायनू. माले लई चाला."

त्यांना घेऊन कसा जाणार? तो अजून तिथं आहे की उठून गेला, मलाही ठाऊक नाही. असलाच, तर मादी ढोलीत असेल. वहिनींना मी एवढंच सांगितलं, आणि सांगताना मला स्वतःचीच चीड येत होती.

"ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाल्या, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. जिचा हक्क सगळ्यांत आधी होता, तीच तेवढी तिथं जायची राहिली.