गणपतभाईंचा तिसरा मेमो

मेमो टाइप होऊन टेबलावर आला होता, फक्त माझी सही बाकी होती. आमच्याकडे तिसरा मेमो म्हणजे नोकरी संपली. आरोप होता, 'रुग्णांच्या खोलीत विडीचा धूर पसरवणे.' आरोपी गणपतभाई, आमचे अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर.

रिफायनरीच्या सेफ्टी खात्यातून रिटायर झाल्यावर मी पाणीगेटजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात मॅनेजर झालो. गणपतभाई माझ्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. लिफ्ट नसलेल्या घरांतून पेशंटना खुर्चीसकट खाली आणतात. घरी पगार आणणारे तेच एकटे.

दोन महिन्यांपूर्वी आमचे अध्यक्ष शिर्केसाहेब यांनी दवाखाना धूरमुक्त जाहीर केला. साहेबांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे ते कुठलीही गोष्ट जाहीर केल्याशिवाय करत नाहीत, आणि एकदा जाहीर केली की ती झाली असं समजतात. फीत कापली, फेटे बांधले, हात पुढे करून शपथ घेतली. बॅनर एवढा मोठा की मागच्या खोलीच्या दोन खिडक्या झाकल्या गेल्या. तिसरी तेवढी उघडी राहिली.

त्या खोलीत दम्याचे पेशंट श्वासाचे व्यायाम करतात. महिन्याभरात तिथून तीन तक्रारी आल्या, तिन्ही सुशीलाबेन जाधवांच्या. तिसऱ्या तक्रारीनंतर त्यांनी येणंच बंद केलं.

रिफायनरीत एक सवय लागली होती. अपघाताच्या कागदावर सही करण्याआधी जागेवर जाऊन उभं राहायचं. मी मागे गेलो. गणपतभाई त्या उघड्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसले होते. मला पाहून त्यांनी विडी विझवली.

"इथेच का बसता?" मी विचारलं.

"तुम्हीच तर सांगितलंत ने, साहेब. ज्याला ओढायची त्याने मागच्या बाकावर."

खरं होतं. शपथविधीनंतर बाक तिथे मीच ठेववून घेतला होता. नकाशावर ती जागा दारापासून सगळ्यात लांब दिसत होती. रिफायनरीत वारा कुठे वाहतोय ते दाखवायला उंच खांबावर कापडी नळी लावतात, विंडसॉक. गॅस गळला की आधी तिच्याकडे बघायचं आणि मग पळायचं. सगळी नोकरी तिच्याकडे बघण्यात गेली, आणि इथे मी वारा विसरलो. ड्रेसिंगच्या खोलीतून बँडेजची पट्टी आणून उघड्या खिडकीच्या गजाला बांधली. पट्टी सरळ आत फडफडू लागली.

टेबलावर परत आलो. मेमोतलं गणपतभाईंचं नाव खोडून माझं लिहिलं. सुशीलाबेनना फोन करून बोलावलं आणि त्या आल्यावर त्यांना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"बाक मी ठेवला होता. धूर मी पसरवला."

साहेबांनी खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं आणि विचार करत ओढलं. केबिनभर आंब्याचा वास पसरला. याला व्हेप म्हणतात. आत बॅटरी असते, ती एक द्रव तापवते, आणि बहुतेक द्रवांत निकोटिन असतंच. आपल्याकडे विक्रीला बंदी आहे. साहेबांच्या मुलाने परदेशातून आणलं होतं.

सुशीलाबेनना खोकला सुटला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघे टेबलाकडे बघत बसलो.

"धूर नाहीये हा, बेन. नुसती वाफ," साहेब म्हणाले.

"असेल," सुशीलाबेन पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "पण माझ्या छातीला ते कोण समजावणार, भाऊ? गणपतभाईंना निदान मला बघून विझवायची लाज तरी आहे."

साहेबांनी यंत्र खिशात ठेवलं. मेमोकडे बोट दाखवून म्हणाले, "मग आता करायचं काय?"

रिफायनरीत जे करतात तेच, मी म्हटलं. तिथे शपथ कोणी घेत नाही. गेटवर काडेपेटी, लायटर, विडी, सगळं जमा करायचं, टोकन घ्यायचं, जाताना परत न्यायचं. जनरल मॅनेजरनेसुद्धा.

"अध्यक्षानेही?"

"वारा हुद्दा विचारत नाही, साहेब."

सोमवारी गेटवर खणांचं लाकडी कपाट आलं. फेऱ्या नसतील तेव्हा ते गणपतभाईंनी सांभाळायचं ठरलं. त्यांनी पहिल्या खणात स्वतःचं विडीचं बंडल ठेवलं. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. गणपतभाईंनी उठून नमस्कार केला आणि दोन नंबरचं टोकन पुढे धरलं. साहेब थोडे घुटमळले, मग खिशात हात घातला.

गणपतभाईंची विडी सुटलेली नाही. पण रस्ता ओलांडून ओढायला जायचा त्यांना कंटाळा येतो, म्हणून कमी झाली आहे. शुक्रवारी ते सुशीलाबेनच्या मागच्या खुर्चीवर बसून श्वासाचे व्यायाम करतात. विचारलं तर म्हणतात, नुसतं बघायला येतो.

माझा मेमो फाइलमध्ये आहे. बॅनर तेवढा उतरवला. खिडक्या उघडायच्या होत्या.